काकांच्या फोकसाठी थोडंसं (थोडंसं नाहीये)

आज सकाळी आमच्या ग्लासगोच्या मराठी ग्रुपवर एका काकांनी ज्ञान पाजळलं. मी रनरिग या स्कॉटिश बँडचं गाणं टाकलं होतं, त्यावर यांचं म्हणणं, "हे कसलं फोक, म्हणजे लोकसंगीत? यांनी स्वतःच लिहिलंय. खऱ्या फोकचा लेखक माहीत नसतो." खाली लगेच चारपाच अंगठे. ट्रेनमध्ये वाचलं आणि डोकंच फिरलं.

अहो, लेखक माहीत नसतो म्हणजे तो नव्हताच का? कुणीतरी बसून लिहिलंच ना, पुढं नाव विसरलं गेलं, संपलं.

मागं इथल्याच ओबान गावाजवळ ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, फोटो बघितलेत तुम्ही. इकडं लग्नात शेवटी रनरिगचं 'लॉख लोमंड' हे गाणं लागतंच, सगळे हात धरून गोल करतात, नवरानवरी मध्ये, आणि ड्रम सुरू झाले की अख्खा गोल आत धावत सुटतो, किल्ट (पुरुषांचे चौकड्यांचे घागरे), टाचा, सांडलेली बिअर सगळं एकत्र. नवरीची आजी हेब्रिडीज बेटांवरची, जन्मभर घरात गेलिक ही इकडची जुनी भाषा बोललेली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला टोस्टला लोणी लावता लावता काहीतरी गुणगुणत होती. विचारलं तर म्हणे, माझ्या आईच्या तोंडी असायचं हे. मैत्रीण फिस्सकन हसली, कारण गाणं रनरिगच्या पहिल्या अल्बममधलं, १९७८ चं! आजी मानायलाच तयार नाही.

आता सांगा काका, आजीचं फोक खोटं?

१९७३ ला स्काय बेटावर सुरू झालेला हा नाचगाण्याचा बँड. जुनीच गाणी वाजवत राहिले असते तरी पोट भरलं असतं. पण रोरी आणि कॅलम मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ गिटार-ड्रम घेऊन गेलिकमध्ये नवीन गाणी लिहायला लागले. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे जेमतेम ५७ हजार, म्हणजे ऐकणार कोण हा प्रश्नच होता. तरी १९९५ मध्ये त्यांचं गेलिक गाणं ब्रिटनच्या टॉप २० मध्ये गेलं. बिअरच्या जाहिरातीमुळं गेलं, हो, माहितीये.

बरं, एक मान्य करते, त्यांचे ऐंशीच्या दशकातले काही ड्रम आता ऐकवत नाहीत. आणि जुनं गाणंही कुणीतरी सांभाळायला हवंच. बायका ओलं लोकरीचं कापड टेबलावर आपटत जी गाणी म्हणायच्या, त्यातलं एक कॅपरकेली या दुसऱ्या स्कॉटिश बँडनं १९९२ ला टॉप ४० मध्ये नेलं, तेही मला तितकंच आवडतं. पण म्हणून नवीन लिहिणाऱ्यानं काय पाप केलं? आजच्या स्कायच्या पोरीनं आजचं घरभाडं, पर्यटकांना दिलेली घरं, यावर लिहायचंच नाही का?

जाऊ दे, काका वाईट नाहीत, दिवाळीत चिवडा तेच आणतात. पण त्या आजीचा चेहरा डोळ्यांसमोर आला की परत चिडचिड होते. कॅनडाहून आलेल्या ब्रूस गथ्रोला रनरिगच्या लोकांनी आपला गायक मानलं, २०१८ ला स्टर्लिंगच्या किल्ल्याखाली बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात तोच गात होता, आणि आमचे काका ग्लासगोत बसून सर्टिफिकेटं वाटणार!

असो. जानेवारीत ग्लासगोच्या सेल्टिक कनेक्शन्स या संगीत महोत्सवाला नवीन पोरांचे बँड ऐकायला कोण कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. काकांचं तिकीट मी काढते, फक्त मध्येच उठून लॉख लोमंडची फर्माईश करायची नाही.