‘कमी ताकदीचे पिकअप गळ्यात मारले’ या अभिप्रायाला कार्यशाळेचे उत्तर

सस्नेह नमस्कार,

आपण दिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: आम्हीच बांधून दिलेल्या गिटारचे पिकअप (प्रत्येक तारेखाली चुंबक आणि भोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला, तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलताना आपण पसंत केलेला जास्त ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा, संच बाजूला सारून आम्ही कमी ताकदीचा संच आपल्या गळ्यात मारला, त्यावर लिहिलेला ६.० किलोओहम हा आकडाही खोटा निघाला. तिसरी तार बाकीच्या तारांवर ओरडते. जाड तारा बाराव्या फ्रेटच्या (मानेवरील धातूच्या पट्टीच्या) पुढे बेसूर लागतात. घरी गुणगुण थांबत नाही. आणि मजुरी वेगळी लावली. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे पिकअप, निवडताना इतर वादकांनाही हेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तर सविस्तर आणि इथेच देत आहे.

आधी आकड्याविषयी. संचावरचे ६.० किलोओहम हे माप २० अंश सेल्सिअस तापमानाचे आहे, आणि तसे त्यावर लिहिलेलेही आहे. आपण एप्रिलच्या दुपारी, ३५ अंशांच्या आसपास, मल्टिमीटर (रोध मोजायचे यंत्र) गिटारच्या केबल-जॅकला लावून ६.२ मोजलेत. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, त्यामुळे तेच वेटोळे त्या उकाड्यात साधारण ६.३५ दाखवणार, त्यातच जॅकवरून मोजताना २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमीजास्त करायची कळ) समांतर जोडलेला असल्याने वाचन थोडे खाली येते, आणि हिशेब ६.२ वरच येऊन थांबतो. म्हणजे आपले मोजमाप बरोबर आहे आणि संचावरचा आकडाही बरोबर आहे.

मुळात ओहमवरून पिकअपची ताकद ठरवणे म्हणजे आंबा वजनकाट्यावर ठेवून त्याची गोडी सांगणे. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार तेवढ्याच वेढ्यांनी गुंडाळली तर रोध सव्वापट होतो. आवाज मात्र सव्वापट होत नाही. ताकद ठरते ती वेढ्यांची संख्या, चुंबकाचा प्रकार आणि पिकअप तारांच्या किती जवळ आहे यावरून. वेढे वाढवले की आवाज वाढतो हे खरे, पण त्याबरोबर इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला वेटोळ्याचा होणारा विरोध) वाढतो, पिकअपचा अनुनाद, म्हणजे त्याचा सर्वात जोरकस प्रतिसाद, खालच्या कंप्रतेकडे सरकतो, आवाजाचा मधला भाग फुगतो आणि वरची चमक जाते. आपण सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथ करता आणि आपल्याला पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या स्थानावरचा (जिथे शेजारचे दोन पिकअप एकत्र वाजतात) स्वच्छ, काचेसारखा आवाज हवा होता. ऑर्डरच्या कागदावर हे आपल्याच शब्दांत नोंदवलेले आहे. जास्त ओहमचा संच बसवून तो आवाज मिळाला नसता, आणि मग आजच्यापेक्षा रास्त तक्रार आपल्याकडे असती. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणारी जोड) लावून ब्रिज पिकअपवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात त्याजवळच्या पिकअपवर, वाजवणाऱ्या वादकाला तोच संच मी आनंदाने बसवून देतो.

तिसऱ्या तारेविषयीची तक्रार मात्र खरी आहे. तिचे कारण संचाच्या घडणीत आहे. आपण चुंबकांची उंची कमीजास्त असलेला जुन्या धाटणीचा संच निवडलात. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारात आणली तेव्हा वादक जाड तारा वापरत आणि तिसरी तारही गुंडाळलेली असे. अशा तारेचा आवाज मुख्यतः आतल्या बारीक पोलादी गाभ्यावर अवलंबून असल्याने तो कमी पडे, म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच ठेवला गेला. आपण वाजवता त्या १०-४६ (इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी) तारांच्या संचात तिसरी तार ०.०१७ इंचाची साधी पोलादी आहे, आणि उंच चुंबक तिला गरजेपेक्षा जास्त उचलतो. सर्व चुंबक एकाच पातळीवर असलेला संच घ्यावा असे आम्ही सुचवले होते. जुने रूप हवे म्हणून आपण तो नाकारलात, आणि ग्राहकाची आवड म्हणून आम्ही ते मान्य केले. एक विनंती आहे: बोटाने किंवा पेचकसाने तो चुंबक खाली दाबू नये. या प्रकारात तांब्याची तार, केसाहूनही बारीक असलेली, बहुधा थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते आणि चुंबक सरकला की ती तुटते. तसे पिकअप दुरुस्तीसाठी आमच्याकडे वरचेवर येतात.

जाड तारांच्या बेसूरपणाची गोष्ट वेगळी आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात नेक पिकअप (मानेजवळचा) प्लास्टिकच्या पट्टीपासून बराच वर आलेला दिसतो. गिटार आपल्या हाती दिली तेव्हा तो इतका वर नव्हता. आवाज वाढावा म्हणून स्क्रू फिरवला गेला असावा. ॲल्निको ५ चा (ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा) चुंबक जोरकस असतो. तो तारेच्या फार जवळ आला की तिला खाली ओढतो, तिचे कंपन वाकडे होते आणि एका सुरात दोन सूर झगडल्यासारखी थरथर ऐकू येते. सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर ती सर्वात स्पष्ट कळते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबकाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजावे: सहाव्या तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि पहिलीखाली सुमारे २ मिलिमीटर असावे. स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत ऐकत जावे. थरथर गेल्यावरही इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरचा सुरेलपणा) चुकत असेल, तरच ब्रिजच्या सॅडलला (तार जिच्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्याला) हात लावावा.

गुणगुणीबद्दल आपल्याशी दुकानातही बोलणे झाले होते. एकेरी वेटोळे विजेच्या ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र पकडतेच. दुसऱ्या व चौथ्या स्थानावर ती जवळपास थांबते, कारण मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा आहे, त्यामुळे एकत्र वाजणाऱ्या दोन पिकअपची गुणगुण एकमेकींना खोडते. गिटारच्या पोकळीत आम्ही तांब्याचा पत्रा लावला आहे, पण तो करकर अडवतो, चुंबकीय गुणगुण अडवत नाही. घरी एक परीक्षा करून पाहावी: गिटार घेऊन जागेवरच गोल फिरावे. दिशेप्रमाणे आवाज कमीजास्त झाला तर तो जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा अडॅप्टरचा आहे; तारांना हात लावल्यावर कमी झाला तर खोलीचे अर्थिंग किंवा दिव्याचा डिमर तपासून घ्यावा. काही मंडळी ॲम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवतात. त्यात जिवाला धोका आहे, ते कदापि करू नये. एकावर एक दोन वेटोळ्यांचे बिनगुणगुणीचे संच मिळतात, आणि आम्ही ते दाखवलेही होते. वरचा आवाज थोडा बदलतो म्हणून आपण नको म्हणालात.

मजुरीचे दर काउंटरमागे लावलेले आहेत, बिलावर ती वेगळ्या ओळीत आहे, आणि त्यात नव्या तारा व पूर्ण सेटअप धरलेला आहे.

गिटार घेऊन आलात तर पिकअपची उंची आपल्यासमोर, आपल्याच वाजवण्यावर बसवून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. तरीही तिसरी तार खटकली, तर सम पातळीच्या चुंबकांचा संच किमतीतला फरक घेऊन बदलून देऊ, फक्त सध्याच्या संचाच्या जोडणीच्या तारा कापलेल्या नसाव्यात. येताना आपली नेहमीची केबल अवश्य आणावी. ती सहा मीटरहून लांब असेल तर आपण पिकअपवर ढकललेला मंदपणा काही अंशी तिच्यातूनही येत असणार.

आपला,
कार्यशाळेचा मालक