‘खरा कुसांकू एकच’ हा दावा टिकत नाही

कराटेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कुसांकू या जुन्या काताबद्दल (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींचा संच) एक मजकूर सारखा फिरतोय: ‘कुसांकू काताचं अस्सल रूप एकच. बाकीची रूपं स्पर्धेसाठी केलेली भेसळ. दुसरं रूप शिकलात तर पहिलंही बिघडेल.’ ब्लॅक बेल्टची तयारी करणारी मुलं हे खरं मानतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

अस्सल रूप कुणाकडे आहे? १७६२ मध्ये र्‍युक्यूचं (म्हणजे आजच्या ओकिनावा बेटांचं) एक जहाज भरकटून जपानच्या तोसा प्रांतात लागलं. तेव्हाच्या नोंदीत कोशांकिन नावाच्या चिनी माणसाचा उल्लेख आहे (कुसांकू हे नाव त्याच्यावरूनच आलं असं मानतात), पण तो झटापटीतल्या डावाचा. काताचा क्रम त्यात नाही. पुढे ओकिनावात हा काता गुरूकडून शिष्याकडे गेला आणि यारा, इतोसु अशा गुरूंच्या परंपरांत वेगवेगळा रुजला. ताडून पाहायला मूळ प्रतच नाही, मग भेसळ ठरवायची कशावरून?

स्पर्धेचं म्हणाल, तर कुसांकूचं ‘शो’ (छोटं) हे रूप इतोसु आंको यांचं मानलं जातं. ते १९१५ मध्ये वारले आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली १९५७ मध्ये. स्पर्धेने लांबलेले पॉज आणले, हे मात्र मला मान्य आहे आणि खटकतंही.

आता बिघडण्याचं. पहिलं रूप अंगात मुरण्याआधी दुसरं शिकवलं तर गोंधळ होतोच. ग्रेडिंगच्या तोंडावर तर कुणी शिकवूच नये. पण पक्क्या विद्यार्थ्याला तुलनेतूनच काता उलगडतो. शोतोकान शैलीच्या कांकू-दाईत (कुसांकूचं तिथलं नाव) शुतो-उके, म्हणजे उघड्या हाताच्या कडेने अडवणं, कोकुत्सु-दाची या पवित्र्यात येतो, वजन मागच्या पायावर, स्टान्स लांब. शितो-र्‍यू शैलीच्या कोसोकुन-दाईत (हाही कुसांकूच) तोच हात नेकोआशी-दाचीत, म्हणजे मांजरपावलाच्या पवित्र्यात येतो. पुढचा पाय हलका, लगेच किक मारायला मोकळा. शोतोकान जिथे योको-गेरी (बाजूला किक) मारतं, तिथे ओकिनावातल्या अनेक शाळा माए-गेरी (समोर किक) मारतात. किक बदलली की समोरचा कुठे उभा आहे तेही बदलतं, आणि बुंकाई, म्हणजे हालचालींचा झटापटीतला अर्थ, नव्याने मांडावी लागते. हा विचार एकच रूप घोकून सहसा सुचत नाही.

संस्थापक माबुनी केनवा यांनी शितो-र्‍यूत कुसांकूची दाई, शो आणि शिहो ही तिन्ही रूपं शेजारी-शेजारी ठेवली. शिवाय इतोसुंच्या पिनान नावाच्या, नवशिक्यांना शिकवल्या जाणाऱ्या काता बऱ्याच अंशी कुसांकूतूनच घडल्या. हेआन योंदानमधला (शोतोकानमधला चौथा पिनान) मानेवरचा शुतो, म्हणजे हाताच्या कडेचा वार, आणि त्यामागची माए-गेरी आठवा, मग कांकू-दाईत तीच जोडी शोधा. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलेल्या मुलाने कुसांकूचे तुकडे वेगळ्या मांडणीत आधीच घोटलेले असतात, आणि त्यामुळे त्याचा कांकू-दाई बिघडत नाही, लवकर बसतो.