पट्टा बदललाय, आणि तो बदललेलाच राहणार

आज सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलेलं. मी रांगेत गाडी बंद करून उभा. शेजारी एक मोठी पांढरी कार, काच खाली झाली. आतला माणूस आधी गाडीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "पेगासस आहे ना? ओरिजिनल?" म्हटलं, होय. "किती पळवलीय?" चौदा हजारांवर, म्हटलं. चेहरा असा केला की घरात कुणी गेल्याचं सांगितलंय. मग नजर गेली बाजूच्या चामड्याच्या पट्ट्यावर. "अहो, हा पट्टा बदललाय. ओरिजिनल काढून टाकलात? चाळीस हजारांनी किंमत पाडून घेतलीत. ही चालवायची गाडी नव्हे, ठेवायची गाडी."

गेट उघडलं, तो गेला. मी उद्यमबागेत वर्कशॉपला पोचलो, लेथ चालू केला, तरी डोकं जाग्यावर येईना. म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रॉयल एन्फील्डनं २०१८ ला क्लासिक ५०० ची पेगासस म्हणून एक आवृत्ती काढली. जगभरात फक्त १०००, त्यातल्या भारताला २५०. प्रत्येक टाकीवर तिचा स्वतःचा क्रमांक. तपकिरी रंग, काळं इंजिन, काळा सायलेन्सर, दोन बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या, एअरबॉक्सवर पितळी बकलचा चामडी पट्टा. ही सगळी आठवण दुसऱ्या महायुद्धातल्या 'फ्लाइंग फ्ली'ची, म्हणजे उडत्या पिसूची. १२५ सीसीची टू-स्ट्रोक, वजन साठ किलोच्या आसपास. लोखंडी पिंजऱ्यात बांधून पॅराशूटनं विमानातून खाली सोडायचे. खाली उतरलेला जवान पिंजरा सोडायचा, किक मारायचा आणि निरोप घेऊन सुटायचा. वाटेत कुंपण आलं तर उचलून पलीकडं. १९४४ ला नॉर्मंडीत आणि आर्नेममध्ये ही पिसू होती. म्हणजे जिच्या आठवणीत ही गाडी निघाली ती जन्मालाच आली धावायला, विमानातून पडून धावायला. आणि हा गृहस्थ मला सांगतोय ठेवायची गाडी.

आता आमच्या घरचं सांगतो. आप्पा दोन पॅराचे, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९५२ ला दोन पॅरा झाली, हे आपल्याकडं बेळगावात कुणाला सांगायची गरज नाही. सेंटर इथंच आहे, निम्म्या गावांतलं कुणी ना कुणी पलटणीत आहे. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, दिवस कलताना टांगाईलवर जी उडी पडली, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायला, त्यात आप्पा होते. वय बावीस. ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांत त्यांची पलटण होती. याच्यावर ते फार बोलत नाहीत. बोलले तर एकच गोष्ट सांगतात: विमानात उभं राहिल्यावर पुढच्याच्या पाठीवरचं बकल आपण ओढून बघायचं, आपलं मागच्यानं. दोनदा. "एकदा ओढलं तर हात बघतोय, दोनदा ओढलं तर डोकं बघतंय."

२०१८ च्या जुलैत मी त्यांना मोबाइलवर या गाडीचा फोटो दाखवला. टाकीवरचा पंखांचा घोडा बघून म्हणाले, "ह्यो घोडा आमचा न्हवं. आमचा शत्रुजित." खरंय, ते चिन्ह ब्रिटिश छत्रीधारी फौजेचं, शत्रुजित हे आपल्या पॅराशूट ब्रिगेडचं. मग म्हणाले, "हिरवी न्हाई काय?" परदेशात हिरवी होती, इथं सैन्याचा रंग साध्या माणसाच्या गाडीला लावता येत नाही म्हणून आपल्याला तपकिरीच मिळाली. आप्पांनी मान हलवली. "बरोबर हाय. त्यो रंग कमवाय लागतोय." एवढं बोलून फोन परत देतील असं वाटलं, पण त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पट्ट्यावर नेला. बकलावर नेला. आणि बघत बसले. मी गाडी घ्यायची ठरवली ती त्या मिनिटाला. घोड्यासाठी नाही, हजारातली एक म्हणूनही नाही.

२५ जुलैला दुपारी चारला ऑनलाइन विक्री. आमच्या बेळगुंदीला त्या दिवसांत पाऊस म्हणजे काय असतो ते इथल्यांना माहीत आहे. लाईट नाही, रेंजची एक काडी. म्हणून दुपारीच उद्यमबागेत एका दोस्ताच्या ऑफिसात जाऊन बसलो. चार वाजले, पान उघडलं, नाव टाकलं, नंबर टाकला, आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. १७८ सेकंदांत २५० गाड्या संपल्या. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कंपनीचा यात दोष नाही, सांगून विकल्या. पण तीन मिनिटांत ज्याचं नेट पळालं त्याची गाडी, ही कसली निवड? त्या २५० जणांतल्या कितींना खरंच पाहिजे होती आणि कितींनी विकायलाच घेतली, हे मला पुढच्या चार वर्षांत कळलं. दारोदार फिरून कळलं.

पुण्यात एक सापडली. माणूस म्हणाला, बघा, पण चालू करायची नाही, मीटर शून्याजवळ ठेवलंय. पाच लाख. नवीन असताना ऑन-रोड अडीच लाखांची गाडी. मी विचारलं, आवाज तरी ऐकवा. नाही म्हणाला. कोल्हापुरात एकाच्या दिवाणखान्यात होती, सोफ्याच्या मागं, टायरखाली पाट घालून. घरच्या पोराला विचारलं, बसलायस काय कधी? पोरगा बापाकडं बघायला लागला. गोव्याला म्हापशात एक मिळाली ती काळी रंगवलेली, टाकीवरचा क्रमांक घासून काढलेला, पिशव्या गायब. ती बघून मात्र रस्त्याच्या कडेला जरा वेळ बसावं लागलं मला.

आणि या सगळ्यांचं बोलणं तेच, आजच्या त्या कारवाल्याचं. व्हॅल्यू. इन्व्हेस्टमेंट. अरे, सोनं घ्या, प्लॉट घ्या, खानापूर रोडला जागा घ्या. गाडीत पैसे कशाला पुरताय? ज्याला ती पाहिजे त्याच्या वाटची गाडी तुम्ही कापडाखाली झाकून ठेवलीय. पाच वर्षांनी टायर कडक होतात, बॅटरी मरते, टाकीतलं पेट्रोल कुजतं. ही इंजेक्शनची गाडी, पेट्रोल जुनं झालं की पंप चिकटतो. उभी राहून गाडी जपली जात नाही, उभी राहून ती मरते. दहा वर्षांचा मेस्त्रीचा पोरगा हे सांगेल.

मान्य, ज्याचे पैसे त्याची गाडी. कायद्यानं कुणी काही म्हणू शकत नाही. मीही कायद्याचं बोलत नाही.

तर निपाणी. संकेश्वरला एक मेस्त्री आहे, कन्नड बोलणारा, माझं कन्नड तोडकं, त्याचं मराठी माझ्या कन्नडासारखं. त्याच्याकडं मी सहज विषय काढलेला वर्षभरापूर्वी. २०२२ च्या सुगीत त्याचा फोन आला. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत एक आहे, बघून घे. मी त्याच दिवशी गेलो.

वखारीच्या मागच्या अंगाला, बोदांच्या आडोशाला, ताडपत्रीखाली. मालकांच्या मुलानं घेतलेली, त्याला त्या तीन मिनिटांत लागली. मग नोकरीसाठी परदेशी गेला तो गेलाच. पासिंग एमएच-०९, कोल्हापूरचं, निपाणीत अशा गाड्या काय नवीन नाहीत. मीटरवर ४१२ किलोमीटर. ताडपत्री ओढली आणि तो घोडा, तो क्रमांक (इथं लिहीत नाही), सगळं जाग्यावर. फक्त पट्टा वाळून चिरलेला, हात लावला तर खपल्या पडत होत्या. कोरड्या वखारीत चार वर्षं, चामडं राहणार कसं?

वडील खुर्ची टाकून बसले. दर विचारायच्या आधी मला विचारलं, "चालवणार का ठेवणार?" मी आप्पांचं सांगितलं. टांगाईल सांगितलं, फोटोतलं बकल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पोराला फोन लावतो. पोरगा पलीकडून म्हणाला, द्या. २ लाख ३० हजार. त्या दिवशी पुण्याच्या बाजारात तिचे दुप्पट आले असते आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी चहा पिऊन उठलो तेव्हा माझे डोळे ठिकाणावर नव्हते. त्यांना मी आजही दसऱ्याला सोनं द्यायला जातो.

कागदांचं लांबवत नाही. महाराष्ट्राची एनओसी, इकडचा आजीवन कर पुन्हा, फॉर्मांवर फॉर्म. घरापासून शंभर किलोमीटरच्या आत, आपल्याच जिल्ह्यातल्या वखारीत उभी असलेली गाडी कागदावर परराज्यातली. सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही, यावर लिहायला बसलो तर दुसरी पोस्ट होईल. केए-२२ ची पाटी लागली एकदाची.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी आप्पा ओसरीवरून उतरून आले. गाडीभोवती एक फेरी. घोड्याकडं बघितलंच नाही. सरळ पट्ट्यापाशी वाकले, बकल धरलं आणि ओढलं. चामडं तुटून हातात आलं. दुसऱ्यांदा ओढायला काही उरलंच नाही. मला वाटलं हसतील. ते चिडले. खरंच चिडले, आवाज चढला. "ह्या असल्या पट्ट्यावर मानूस सोडतात काय खाली?" मी म्हटलं, आप्पा, हा शोभेचा आहे, एअरबॉक्सवरचा. "शोभंचा असूदे. पट्टा म्हंजे पट्टा."

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून ते एकटे निपाणीला गेले. मला न सांगता. तिथं चपला करणाऱ्या एका कारागिराकडं, त्यांच्या जुन्या ओळखीचा. आपण कोल्हापुरी म्हणतो त्यातल्या किती तरी चपला निपाणी आणि अथणीकडं होतात, त्याचं भौगोलिक मानांकनही दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून आहे, बेळगाव त्यात आहे. त्या माणसानं बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं काढलं, वादीनं हातशिलाई घातली. पितळी बकल मात्र तेच, गाडीचं. संध्याकाळी आप्पा परत आले, पट्टा बसवला, तेल चोळलं. आणि बकल ओढलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

तो हा पट्टा. चाळीस हजारांनी किंमत पाडणारा.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून एक गोष्ट त्या कारवाल्याच्या बाजूनंही लिहितो. या गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तर चाक जाम होऊ न देणारी सोय. विक्रीनंतर साधारण महिन्याभरानं एबीएसवाली ३५० आली, कमी किमतीत, सैन्याच्याच थाटाची, तेव्हा पेगासस घेतलेल्या काही जणांनी कंपनीच्या नावाचं सामान कचऱ्याच्या डब्यात टाकून व्हिडिओ केले होते. ते मला पटलं नाही, पण चोर्ल्याच्या उताराला पावसात पुढचा ब्रेक दाबताना त्यांचा राग समजतो. ५०० चं इंजिन २०२० ला बंद झालं, पुढं सुट्टे भाग मिळायला त्रास होणार हेही खरं. जपून चालवावी लागते. पण जपून *चालवावी*.

कॅनव्हासच्या पिशव्यांना अजून तंबाखूचा वास येतो. तीनदा धुतल्या, जात नाही. आता मी घालवतही नाही.

कुणाकडं अशी एखादी झाकून ठेवलेली असेल, ही पोस्ट वाचणाऱ्यांत दोघं-तिघं आहेत, मला नावं माहीत आहेत, तर या रविवारी बाहेर काढा. बॅटरी नसेल तर माझी घेऊन येतो. पंप चिकटला असेल तर संकेश्वरला मी स्वतः टेम्पोत घालून नेतो, भाडं माझं. विकू नका, मी विकायला सांगत नाही. फक्त चालू करा, आणि घरातल्या पोराला मागं बसवा.

आम्ही उद्या पहाटे आंबोलीला निघतोय, मी आणि आप्पा. वय शहात्तर, मागं बसून माझ्या खांद्यावर एक हात ठेवतात, दुसरा मांडीवर. मघाशी आत येऊन विचारून गेले, टाकी भरलीस काय. भरलीय म्हटलं. तरी आता बाहेर अंगणात टॉर्च घेऊन गेलेत, आणि मला इथं बकलाचा आवाज येतोय.