जपानी प्रभाव म्हणजे नुसता पंखा आणि किमोनो?

आज सकाळी एका ऑनलाइन व्याख्यानात वक्त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये क्षणिक प्रकाश टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांवरील जपानी प्रभाव दोन वाक्यांत उरकला: भिंतीवर पंखे, अंगात किमोनो आणि दाखल्याला मोनेचे १८७६ चे ‘ला जापोनेझ’. लगेच त्यांच्यातल्याच अमेरिकी चित्रकर्ती मेरी कसाटचे ‘द चाइल्ड्स बाथ’ (१८९३), म्हणजे मांडीवरच्या मुलीचे पाय धुणाऱ्या बाईचे चित्र, पडद्यावर आणून त्याला ‘मातृत्वाचा मंगल सोहळा’ म्हटले, तेव्हा मात्र माझे डोके फिरले.

हे चित्र मी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आईबरोबर पाहिले आहे. आईची नजर आधी गेली ती त्या बाईच्या हातावर. ‘पोर घसरू नये म्हणून कमरेला कसं घट्ट धरलंय बघ,’ ती म्हणाली, आणि मग विचारले, ‘पण हे सगळं माळ्यावरून डोकावल्यासारखं का दिसतंय?’

आईने विचारले ते त्या वक्त्यांना सुचू नये? १८९० मध्ये पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेत जपानी मुद्राचित्रांचे (ठशांवरून छापलेल्या चित्रांचे) मोठे प्रदर्शन भरले, ते कसाटने पाहिले आणि ती झपाटून गेली. केस विंचरणाऱ्या, आरशात पाहणाऱ्या, मुलांना खेळवणाऱ्या, उतामारो या जपानी मुद्राचित्रकाराच्या बायका तिच्यापुढे होत्या. पुढच्याच वर्षी तिने दहा रंगीत मुद्राचित्रे मांडली. जपानी लाकडी ठशांऐवजी तांब्याचे पत्रे वापरून आणि प्रत्येक छापासाठी त्यांना हाताने रंग लावून. त्यांतल्या ‘द लेटर’मध्ये पाकीट चिकटवणाऱ्या बाईचा नक्षीदार पोशाख आणि मागची नक्षीदार भिंत जवळजवळ एकाच प्रतलात येतात, छायाप्रकाशाची गोलाई उरतच नाही. ‘चाइल्ड्स बाथ’मधला आईला खटकलेला तो वरून पाहिलेला कोन, तो पट्ट्यापट्ट्यांचा झगा, पुढ्यातला तो पाण्याचा जग, हे सगळे याच अभ्यासातून आले आहे.

उतामारोच्या कितीतरी बायका गृहिणी नसून योशिवारा या गणिकांच्या वस्तीतल्या गणिका होत्या आणि चित्राची चौकट अशी अनपेक्षित जागी कापायला छायाचित्रणानेही शिकवले, हे मान्य. पण म्हणून पंख्यांवर भागवायचे?

वक्ते अभ्यासू आहेत, एवढे चिडायला नको होते, हेही खरे. तरीही पाय धुणाऱ्या त्या बाईचे लक्ष पाण्यात आहे, आईला तिच्या हातातले काम लगेच ओळखता आले, आणि रोजचे काम इतक्या बारकाईने पाहण्याची सवय कसाटला ज्या चित्रांनी लावली, त्यांतले एकही आज पडद्यावर आले नाही. पुढच्या महिन्यात हेच व्याख्यान पुन्हा आहे म्हणे. निदान तेव्हा तरी कसाटशेजारी उतामारोची एखादी आई लावावी.