लिंबू समईला लावा, दातांना नको

एक मेसेज सध्या जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो महिन्याभरात पाच जणांकडून आला, त्यातल्या दोघी माझ्याच पेशंट. मजकूर थोडक्यात असा: अर्ध्या लिंबाचा रस, एक चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र करून दोन मिनिटं दातांवर चोळा, आठ दिवसांत पिवळे दात मोत्यासारखे होतील. सगळं घरातलं आहे, त्यामुळे अपाय नाही, लहान मुलांनाही चालेल. सोडा नसेल तर कोळसा घ्या, आपले आजी-आजोबा तेच वापरायचे. दवाखान्यात जाऊन दात साफ करून घेऊ नका, त्याने दात हलतात. आणि डॉक्टरांना धंदा करायचाय, म्हणून ते हा उपाय कधी सांगणार नाहीत.

मी दातांची डॉक्टर आहे, आणि हा उपाय मी खरंच कधी सांगणार नाही. का, ते एकेका मुद्द्याने सांगते.

आधी लिंबू. मीठ लावून कैरीच्या चार फोडी खाल्ल्या की दात आंबतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आम्लाचा मारा झाल्याची ती खूण असते. दाताचा बाहेरचा थर, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने साधारण ९६ टक्के नुसतं खनिज. पण दातांभोवतीचा सामू, म्हणजे पीएच, ५.५ च्या आसपास खाली उतरला की हे खनिज विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो. या मापात एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, म्हणजे लिंबाचा रस त्या सीमारेषेपेक्षा हजारपटीहून आंबट आहे. जेवताना वरणावर पिळलेलं लिंबू लाळेत मिसळून पुढे जातं, लाळ दाताला थोडं खनिज परतही देते. दातावर रस लावून दोन मिनिटं चोळत बसलं की लाळेला ती संधीच मिळत नाही. वर, आम्लाने मऊ पडलेला थर त्याच वेळी बोटाखाली खरवडला जातो.

मग लोकांना फरक दिसतो कसा? मला वाटतं या समजुतीचं मूळ आपल्या देवघरात आहे. समई, ताम्हण, निरांजन चिंचेने नाहीतर लिंबाने घासलं की लखलखतं. काळपट थर आम्लात विरघळतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. पितळ आतूनही पितळच असतं, म्हणून ते दरवेळी नव्यासारखं दिसतं. दाताचं तसं नाही. इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या खालचा थर, डेंटिन, मुळातच पिवळसर असतो. वरचा थर जितका पातळ, तितका खालचा पिवळेपणा जास्त दिसणार. पहिले काही दिवस वरचे डाग निघाल्याने दात उजळ वाटतात, नंतर ते आधीपेक्षा पिवळे दिसायला लागतात. मग माणूस अजून जोरात चोळतो. घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर लिंबू सांडल्यावर काय होतं ते आठवा. फरशीचं खनिज वेगळं आणि दाताचं वेगळं, पण दोन्ही आम्लात विरघळतात. फरशी निदान पॉलिश करून घेता येते. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, गेलेला थर शरीर पुन्हा तयार करत नाही.

गेल्या वर्षी एक बाई आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या. मुलीचं लग्न ठरलं म्हणून चार महिने रोज सकाळी हेच मिश्रण लावत होत्या. तक्रार एकच: माठातलं पाणीसुद्धा दातांना सणकन लागतं. मी आरसा धरला. पुढच्या चार दातांच्या कडा काचेसारख्या आरपार, निळसर झाल्या होत्या, आणि हिरडीलगत पिवळे पट्टे उघडे पडले होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी तर पांढरे करायला लावत होते हो." त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला पटकन सुचलं नाही. म्हणूनही हे लिहितेय.

आता सोडा. खरं सांगायचं तर सोड्यावर माझा राग नाही. नुसता खायचा सोडा आम्लारी असतो, फार खरखरीत नसतो आणि काही टूथपेस्टमध्ये तो असतोही. वरवरचे डाग तो थोडेफार काढतो. पण लिंबात सोडा घातल्यावर जो फेस येतो, त्यालाच लोक औषध समजतात. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, भज्यांच्या पिठात सोड्यावर लिंबू पिळलं की येतो तोच. त्याने दात पांढरा होत नाही. सोडा पुरेसा असेल तर दोघं एकमेकांना मारतात आणि हातात खारट पाणी उरतं. लिंबू जास्त झालं तर आम्ल शिल्लक राहतं. म्हणजे मिश्रण एक तर निरुपयोगी, नाहीतर घातक. मिठाचे खडे वेगळे, ते हिरड्या सोलतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या जरूर करा, पण मीठ चोळू नका.

"आजी कोळसा वापरायची." वापरायची, खरं आहे. माझीही आजी गोवऱ्यांच्या राखेने दात घासायची. तिचे पुढचे दात म्हातारपणी अर्धे झिजलेले होते, तेही मला आठवतं. तेव्हा पर्याय नव्हता, आता आहे. कोळशाच्या महागड्या पेस्टही बाजारात आल्या आहेत. २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या दंतमंजनांवरच्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला होता. ती सुरक्षित किंवा परिणामकारक आहेत असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हा त्याचा निष्कर्ष.

आणि आजीच्या नावाखाली आपल्याकडे अजून एक गोष्ट टिकून आहे, तिच्याबद्दल मी गप्प बसणार नाही: मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. आजही गावाकडच्या कितीतरी बायका "दात साफ होतात" म्हणून सकाळी तासभर मिश्री लावून बसतात. ती दात घासायची पावडर नाही, तंबाखू आहे. तिची सवय लागते, दात काळे पडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण घरच्या तव्यावर ती बंदी पोचत नाही. तुमच्या घरात कुणी लावत असेल तर हा मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा त्यांना एकदा तोंड तपासायला घेऊन या.

"लहान मुलांनाही चालेल." अजिबात नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचे नवे दात पिवळे दिसतात म्हणून आया घाबरून येतात. दुधाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात, त्यांच्या शेजारी पक्का दात पिवळा दिसणारच. तो आजार नाही. नव्या दाताचं इनॅमल अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, त्याला लिंबू लावणं सगळ्यात वाईट.

दवाखान्यातल्या सफाईने दात हलतात, हा समज इतका जुना आहे की माझ्या सासूबाईसुद्धा वर्षानुवर्षं तो धरून होत्या. दातांवर साचलेलं कीटण हिरडीखाली सरकतं, तिथे सूज येते आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, फक्त दगडासारख्या कीटणाने शेजारच्या दाताला धरून ठेवलेला असतो. कीटण काढल्यावर ते सैलपण कळतं, फटी दिसतात, दोन दिवस थंड लागतं, आणि खापर सफाईवर फुटतं. खरं तर चहा, पान, काथ, तंबाखूचे डाग असलेल्या पुष्कळ लोकांना फक्त ही सफाई पुरते. जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन माउथवॉश महिनोन्‌महिने वापरूनही तपकिरी डाग पडतात, तेही यातच निघतात.

राहिला शेवटचा आरोप, डॉक्टर लपवतात हा. लपवण्यासारखं काही नाही. दाताच्या आतला रंग पेरॉक्साइडने फिका होतो. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाचे रेणू तोडतं. दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालायचं आणि रात्री झोपताना लावायचं, ही पद्धत १९८९ पासून लिहून ठेवलेली आहे. दोन-चार आठवडे लागतात. काही दिवस दात शिवशिवतात, बहुतेकांचं ते थांबतं. पण आधी कीड आणि हिरड्या तपासून घ्याव्या लागतात. कॅप आणि सिमेंटचा रंग बदलत नाही, गरोदरपणात आम्ही करत नाही. युरोपियन युनियनमध्ये ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन फक्त दंतवैद्यांनाच विकता येतं आणि ते १८ वर्षांखालच्यांवर वापरता येत नाही. तेव्हा ऑनलाइन मागवलेलं, लेबल धड नसलेलं जेल घरी लावू नका.

काही डाग यानेही पूर्ण जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी पट्टे असतात. ते चोळून जाणारच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे उपचार आहेत. त्या मुलांना "नीट दात घासत नाहीस" म्हणून रागावू नका, एवढी विनंती.

हे मिश्रण तुम्ही लावत असाल तर आजच थांबवा. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट वापरा, रात्रीचं घासणं चुकवू नका. सरबत, कैरी, कोकम झाल्यावर लगेच घासू नका, पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या. पंधरा दिवसांनंतरही थंड लागत असेल तर जवळच्या दंतवैद्याला दाखवा, आणि लिंबू किती दिवस लावलं ते न लाजता सांगा.