काटकसर म्हणू नका, कॉस्ट कटिंग म्हणा

आमचे वडील झिजलेल्या साबणाचा तुकडा नव्या वडीला चिकटवायचे आणि पाठकोऱ्या कागदांची वही शिवायचे. त्याला आम्ही काटकसर म्हणायचो. चुकलंच आमचं. त्या शब्दाला रॉकेलचा वास येतो. तुम्ही 'कॉस्ट कटिंग' म्हणत जा.

व्याकरण आधी नीट समजून घ्या. काटकसर कुणीतरी करतं: मी करतो, आई करते. कॉस्ट कटिंग मात्र 'चाललेलं' असतं. कोण करतंय, हे विचारायचं नाही. पावसाला विचारता का?

सुरुवात घरापासून करा. भाचीच्या लग्नाच्या आहेरात हात आखडता घेतलात तर तुम्ही कवडीचुंबक. तेच 'सध्या जरा कॉस्ट कटिंग चाललंय' म्हणालात तर लोक तुम्हाला गुंतवणुकीचा सल्ला विचारतील. कटिंग आपल्याला परकं नाहीच म्हणा. दाढी-कटिंग आहे, मुंबईचा कटिंग चहा आहे. चहाच्या कटिंगमध्ये दुसरा अर्धा भाग समोरच्याच्या पेल्यात जातो, तेवढा दोष तुम्ही टाळा.

लालबहादूर शास्त्रींना हे तंत्र अवगत नव्हतं. 1965 साली त्यांनी देशाला सरळ सांगितलं, सोमवारी रात्रीचं जेवण सोडा. वर आधी आपल्या घरी करून पाहिलं! कॉस्ट कटिंगमध्ये असली घाई करायची नसते. बोलणाऱ्याने स्वतःचं काही सोडायचं नाही, हा त्यातला पहिला नियम.

कचेरीत असाल तर 'कामगार कपात' हे शब्द चुकूनही उच्चारू नका. ते कायद्याला कळतात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीला केवढी लचांडं लावली होती: एक महिन्याची नोटीस, सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, शिवाय शेवटी आलेला आधी जाणार. कॉस्ट कटिंगला यातलं काही लागत नाही. एका बंद खोलीत बोलवायचं, पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि राजीनाम्याचा मजकूर आपणच टाइप करून ठेवायचा. माणूस आपणहून गेला, मग कपात कसली?

मी जिथे होतो तिथे हे फार सुबक झालं. आधी चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली. मग रविवारी कुंड्यांना पाणी घालणारा माळी येईनासा झाला. ज्या बैठकीत हे ठरलं ती लोणावळ्याला, दोन रात्री मुक्कामाची होती, पण तिला 'ऑफसाइट' म्हणतात, त्यामुळे ती खर्चात धरत नाहीत. नंतर चौदा वर्षं फरशी पुसणाऱ्या मावशी दिसेनाशा झाल्या.

महिन्याभराने त्या भाजीबाजारात भेटल्या. "काय मावशी, हल्ली दिसत नाही?" असं मी उगाच विचारलं. मला माहीत होतं.

"माझं कॉस्ट कटिंग झालं ना," त्या म्हणाल्या.

उच्चार अगदी स्वच्छ होता.