न धुतलेल्या मोज्यांचा हंगाम

मी मेयोत राहतो असं सांगितलं की आमच्या निम्म्या नातेवाइकांना सँडविचला फासतात ते आठवतं, आणि नागपूरच्या मावसभावाला हॉस्पिटल. मेयो ही आयर्लंडच्या पश्चिम कडेची काउंटी, म्हणजे आपला जिल्हाच समजा. समोर अटलांटिक, डोक्यावर ढग, आणि उरलेल्या जागेत गेलिक फुटबॉल, म्हणजे आयर्लंडचा स्वतःचा, वेगळ्या नियमांचा फुटबॉल. जिल्ह्याचं ठिकाण कॅसलबार. तिथल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर नोंदी तपासायच्या, चूक कुठून शिरली त्याचा माग काढायचा, सह्या ठोकायच्या. एरवी हे सांगायचं कारण नव्हतं, पण २०२३ साली माझ्या पायमोज्यांवर जो आळ आला तो समजून घ्यायला ही माहिती लागेल.

मूळचा मी कोल्हापूरचा. फुटबॉलवरून भांडणं आम्हाला नवीन नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस समोरासमोर आले की आमच्या घरात एक मामा आणि एक काका आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. त्यामुळे इथं आलो तेव्हा थोडा माज होता, ही मंडळी आपल्याला काय शिकवणार म्हणून. तो शेजारच्या आजोबांनी पहिल्याच महिन्यात उतरवला.

आजोबा ऐंशीचे. इथं लहानथोर सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात, पण माझी जीभ काही रेटत नाही. बोलतात ते इंग्रजीच. पण मेयोतलं इंग्रजी मला शिवाजी पेठेतल्या मराठीसारखं ऐकू येतं, म्हणून इथं तसंच लिहितो. सकाळी मिडवेस्ट रेडिओवर मयतांची यादी वाचतात ती ते टोपी काढून ऐकतात आणि मग फुटबॉलकडे वळतात. दोन्ही वेळी चेहरा सारखाच असतो.

कारण तसं आहे. मेयोनं अख्ख्या आयर्लंडचा सॅम मॅग्वायर कप शेवटचा जिंकला १९५१ साली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यानंतर कधीच नाही. बरं, संघ लेचापेचा असता तर लोक केव्हाच शेतीभातीला लागले असते. पण १९८९ ते २०२१ या काळात हे अकरा वर्षं अंतिम फेरीत गेले आणि अकराही वेळा हात हलवत परत आले. २०१३ ला एका पॉइंटनं हरले. २०१७ ला एका पॉइंटनं हरले. २०१६ ची गोष्ट तर आजोबा दार लावून सांगतात. त्या अंतिम सामन्यात डब्लिनला दोन गोल मिळाले आणि ते दोन्ही मेयोनंच स्वतःवर करून घेतले होते. एवढं करूनही सामना बरोबरीत सुटला. पुन्हा खेळवला. एका पॉइंटनं हरले.

याला एक दंतकथा चिकटलेली आहे. १९५१ चा कप घेऊन संघ वाजतगाजत घरी येत होता. वाटेत फॉक्सफर्ड गावात कुणाची तरी अंत्ययात्रा चालली होती. पोरं आनंदात, थांबली नाहीत, टोप्या काढल्या नाहीत. तिथल्या पाद्रीबाबांनी शाप दिला: या संघातला शेवटचा गडी हयात आहे तोवर मेयोला कप नाही. मी हे फोनवर आईला सांगितलं. आईला शापाचं आश्चर्य वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘‘मग उःशाप काय दिला?’’ उःशाप म्हणाल तर ती मुदतच. त्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. मेयो टायरोनकडून अंतिम सामना हरल्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. म्हणजे शापाची एक्स्पायरी डेट उलटली. क्वालिटीचा माणूस म्हणून मी आजोबांना तसं लेखी द्यायला तयार होतो. आजोबा म्हणाले, ‘‘पोरा, सावकार मेला म्हणून कर्ज फिटत नसतंय.’’

आता मोज्यांकडे येतो.

२ एप्रिल २०२३. राष्ट्रीय लीगचा अंतिम सामना, मेयो विरुद्ध गॅलवे. गॅलवे म्हणजे शेजारची काउंटी, म्हणजे सख्खी भाऊबंदकी. आजोबा आमच्याकडे टीव्हीवर बघायला आले. आमच्याकडे चप्पल-बूट दाराबाहेर. आजोबांनाही आता ती सवय झाली आहे. त्या दिवशी घाईत मी एक काळा आणि एक तपकिरी मोजा घातला होता. तपकिरी मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मेयोनं ०-१४ विरुद्ध ०-११ असा सामना मारला. आजोबा उठले, टीव्हीकडे पाहिलं, मग खाली माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘हे धुवायचे नाहीत.’’

गुणांचं सांगायचं राहिलं. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, वरून गेला तर तेव्हा एक पॉइंट, आणि एक गोल म्हणजे तीन पॉइंट. धावफलकावर बेरीज करून लिहीत नाहीत; २-१७ असं लिहितात आणि बघणाऱ्यानं मनात गुणाकार करायचा. मला सुरुवातीला दर मिनिटाला बोटं मोजावी लागत. आईनं एका वाक्यात सोडवलं. ‘‘रुपये-आणे रे. फक्त ह्यांचा रुपया तीन आण्यांचा.’’ तेव्हापासून मी आण्यांतच बघतो.

तर मोजे धुवायचे नाहीत. आमची बायको सांगलीची. घरात न धुतलेला मोजा आहे ही गोष्ट ती सहन करणं शक्य नव्हतं. लीग जिंकल्याच्या बरोबर सातव्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत मेयोचा पहिला सामना होता, रॉसकॉमनशी. या कॉनॉटमध्ये न्यूयॉर्कसुद्धा खेळतं आणि लंडनही. का, ते विचारू नका, आपल्याकडेही अमुक गाव तमुक तालुक्यात का याला उत्तर नसतं. आदल्या दिवशी त्याच न्यूयॉर्कनं लायट्रिमला पेनल्टीवर हरवलं होतं. सगळा मेयो लायट्रिमला हसत होता. आम्हीही हसत हसत कॅसलबारच्या मॅकहेल पार्कला चालत गेलो. आपलं मैदान, आपली माणसं, आठवड्यापूर्वीचा लीगचा चषक. रॉसकॉमननं २-८ विरुद्ध ०-१० असं घरात येऊन हाणलं. परतताना आजोबा दहा मिनिटं गप्प. मग माझ्या पायांकडे न बघता विचारलं, ‘‘धुतले?’’

मोजे दोरीवर वाळत होते. पावसात.

त्या रात्री बायकोला मी आयुष्यात पहिल्यांदा कामावरच्या भाषेत बोललो. प्रक्रियेत बदल करण्यापूर्वी मंजुरी घ्यायला हवी होती, म्हणालो. तिनं माझ्यापुढे साबणाची वडी ठेवली आणि उरलेले कपडे मंजूर करून दिले. पण मोज्यांचा जोड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवायला परवानगी दिली. संसार असाच टिकतो.

रॉसकॉमननं हरवल्यावर मला वाटलं, हंगाम संपला, आता शनिवार-रविवार मोकळे. कुठलं काय! लीगच्या पहिल्या विभागातला संघ म्हणून मुख्य स्पर्धेत, म्हणजे सॅम मॅग्वायर कपच्या, जागा होतीच. त्या वर्षी नवीन पद्धत आणली होती: सोळा संघ, चार गट, प्रत्येक गटातून तीन पुढे. म्हणजे चोवीस सामने खेळवून घरी पाठवायचे फक्त चार. आमच्याकडे बारशाच्या आमंत्रणाची यादीसुद्धा यापेक्षा निर्दयपणे कापतात.

पहिलाच सामना किलार्नीला, केरीशी. केरी आदल्या वर्षीचा विजेता. तोवरची त्यांची विजेतेपदं ३८, मेयोची ३. आणि किलार्नीच्या मैदानावर केरी मुख्य स्पर्धेत १९९५ नंतर हरलेलं नव्हतं. आजोबा म्हणाले, ‘‘जायचंच.’’ २० मेच्या शनिवारी पहाटे निघालो. जायला चार तास, यायला चार तास. त्यांच्याकडे थर्मासात चहा आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेलं हॅम सँडविच, माझ्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आणि पिशवीतून काढलेले मोजे. लिमरिक येईपर्यंत गाडीत तीन वास भांडत होते. लिमरिकनंतर मोज्यांनी बाकीच्यांना गप्प केलं. आजोबांनी काच खाली केली, बाहेर पाऊस होता तरी, पण तक्रारीचा एक शब्द नाही. उलट एकदा ओळखीच्या देवळावरून जावं तसं त्यांनी छातीवर क्रूस काढला.

त्या दिवशी मेयो कसं खेळलं हे मला सांगता येणार नाही, कारण दुसऱ्या अर्ध्यात आजोबांनी माझा दंड जो धरला तो शिट्टी वाजेपर्यंत सोडला नाही. १-१९ विरुद्ध ०-१७. बावीस आणे विरुद्ध सतरा आणे. अठ्ठावीस वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते या पोरांनी केलं. आणि पोरं म्हणजे खरंच पोरं: यातल्या कुणाला खेळायचा पगार मिळत नाही. सोमवारी कुणी शाळेत शिकवायला जातं, कुणी हापिसात. मी दंडावरचे वळ बायकोला दाखवले. तिनं पिशवीची गाठ तपासली.

पुढं लाऊथला घरच्या मैदानावर कसंबसं नमवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग १८ जून, लिमरिक, कॉर्कशी सामना. त्या दिवशी नेमका आमच्या कन्येच्या मैत्रिणीचा वाढदिवस. बायकोनं बजावलं, लोकांच्या घरी जायचंय, तिथंही बूट काढावे लागले तर? मी पांढरे, धुतलेले, जोडीचे मोजे घातले. केक कापत असताना फोनवर निकाल आला. कॉर्क १-१४, मेयो ०-१४. आणे दोघांचे चौदा-चौदा, पण त्यांच्याकडे एक रुपया जास्त. गटात कॉर्क, केरी आणि मेयो तिघांचे गुण सारखे. मग सगळ्या सामन्यांतल्या आण्यांचा हिशेब होऊन मेयो तिसरं. घरी आलो तर आजोबा कुंपणापाशी उभे. माझ्या पांढऱ्या पायांकडे बघून म्हणाले, ‘‘बरे दिसतायत.’’ या एका वाक्यात काय काय होतं ते कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही.

तिसरे आल्यामुळे पुढचा सामना परक्या मैदानावर, आणि परकं मैदान कुणाचं? गॅलवेचं. सॉल्टहिलला समुद्राच्या काठावर. मोजे घातले, तेरा विरुद्ध बारा, मेयो एका पॉइंटनं पुढं. आता मात्र बायकोही डळमळली. तिनं स्वतः पिशवी बदलली, नवी झिप असलेली आणली. आईनं जोतिबाला नारळ बोलला. ‘‘कुणासाठी म्हणून सांगितलंस गं?’’ असं विचारावं तर म्हणाली, ‘‘देवाला कळतंय. तू फक्त रंग सांग.’’ हिरवा आणि लाल, म्हटलं. लाल ऐकून ती खूष झाली. गुलालाच्या जवळपासचं काहीतरी.

२ जुलै, क्रोक पार्क, उपान्त्यपूर्व फेरी, समोर डब्लिन. ब्याऐंशी हजारांवर माणसं मावणारं मैदान. माझ्या पायात मोजे, आईचा नारळ, आजोबांच्या खिशात जपमाळ. डब्लिन २-१७, मेयो ०-११. बारा आण्यांनी हरलो. दुसऱ्या अर्ध्यात तर गुणाकार करायचंसुद्धा मी सोडून दिलं.

परतीच्या अडीचशे किलोमीटरमध्ये आजोबांनी चौकशी चालवली. मोजे धुतले नव्हते? नाही. कुणी हात लावला? फक्त पिशवी बदलली. मग ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘‘तुमचा तो वराडकर कुठला?’’ त्यावेळचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे मीच कौतुकानं आजोबांना सांगून ठेवलं होतं. ‘‘मालवणचे,’’ मी म्हणालो. ‘‘ते झालं. जन्म कुठला?’’ ‘‘डब्लिन.’’ आजोबांनी मान हलवली. २०१७ साली पंतप्रधानपद मेयोच्या एंडा केनींच्या हातून गेलं ते कुणाकडे गेलं, याचीही त्यांनी आठवण करून दिली. म्हणजे मोजे निर्दोष सुटले आणि सगळी कोकणपट्टी अडकली. मी कोल्हापूरचा आहे, घाटावरचा, हे सांगून पाहिलं. इथून बघताना घाट दिसत नाही.

डब्लिननं पुढं केरीला हरवून कपही नेला, ३० जुलैला. तो जुलैचा शेवटचा रविवार, आणि त्या दिवशी मेयोत क्रो पॅट्रिकच्या डोंगराची यात्रा असते. ७६४ मीटर उंच, सगळा सुटा मुरूम आणि दगड. काही भाविक अनवाणी चढतात. आमच्या जोतिबाच्या डोंगराला निदान पायऱ्या आहेत. अंतिम सामना बघत घरी बसून जळण्यापेक्षा देवाचं करू, असं मी ठरवलं. आजोबा पायथ्याला मरिस्कला खुर्ची टाकून बसले, मांडीवर रेडिओ. मी बूट आणि मोजे त्यांच्यापाशी ठेवले आणि अनवाणी निघालो. वर धुकं होतं, काही दिसलं नाही. उतरताना तीनदा बसलो, एकदा घसरलो.

खाली आलो तेव्हा तळव्यांची चाळण झाली होती. रेडिओ बंद होता. आजोबांनी बूट पुढं सरकवले. मोजे दिसेनात. मी इकडंतिकडं शोधायला लागलो तर त्यांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

‘‘जानेवारीपर्यंत माझ्याकडं राहू देत,’’ म्हणाले. ‘‘तुझ्या घरी धुतात.’’